मध्यरेषेवर: सिम्युलेटरमधल्या टेकऑफच्या प्रकल्प नोंदी

१ जून

आजपासून या नोंदी. काम एकच आहे. फ्लाइटगिअर या उड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारी कळ) उघडल्यापासून जमिनीपासून ५०० फूट वर जाईपर्यंत विमान सरळ आणि स्थिर ठेवायचं, आणि ते ढळलं तर का ढळलं हे कारणासकट सांगता आलं पाहिजे. "उजवं रडर दाबत राहा, सवयीने जमेल" हा सल्ला सगळीकडे मिळतो. (रडर म्हणजे उभ्या शेपटीवरचा, पायांच्या पेडलने हलणारा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा पट्टा.) सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. विमान कोणत्या वेगाला डावीकडे किती ओढतं हे आधी ठाऊक असेल तर पाय तयार असतो. नसेल तर पाय कायम नाकाच्या मागे धावतो.

विमान सेसना १७२पी. फ्लाइटगिअरबरोबर येणारं, नाकाखाली चाक असलेलं, स्वभावाने शांत विमान. इंजिन १६० अश्वशक्तीचं, कमाल वजन २४०० पौंड, नाक उचलण्याचा वेग ५५ नॉट (तासाला ५५ सागरी मैल), समुद्रसपाटीला सर्वांत जलद चढाईचा वेग ७६ नॉट. आडव्या वाऱ्याचा चाचणीत दाखवलेला आकडा १५ नॉट.

हाच सिम्युलेटर घेण्याचं कारण म्हणजे या विमानाच्या उड्डाणाचं गणित जेएसबीसिम नावाचं सॉफ्टवेअर करतं. ते सेकंदाला १२० वेळा हिशेब मांडतं, आणि विमानाचं वर्णन साध्या मजकुराच्या फाइलींत असतं. त्यामुळे एखादा परिणाम वेगळा काढून बंद करता येतो. प्रत्यक्ष विमानात हे करता येणार नाही. शिकण्यासाठी ही फार मोठी सोय आहे आणि तिचा पुरेपूर वापर करायचा आहे.

२ जून

नोंदवण्याची व्यवस्था लावली. फ्लाइटगिअर हवे ते आकडे ठरावीक अंतराने सीएसव्ही फाइलमध्ये उतरवतो. दर १०० मिलिसेकंदांनी हवेतला वेग, नाकाची दिशा, पंखांचा कल, नाकाचा कोन आणि थ्रॉटल, रडर, एलेरॉन (विमानाला डावी-उजवीकडे कलवणारे पंखांवरचे पट्टे), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा पट्टा) यांची स्थिती घेते आहे. वारा शून्य, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) वर, ट्रिम (दांड्यावर जोर न देता नाक धरून ठेवणारी जुळणी) टेकऑफच्या खुणेवर. हा पाया. पुढे जे काही बदलेन ते एका वेळी एकच.

पहिल्याच आलेखात एक आकार सापडला. सुरुवातीला रडरची रेषा सपाट आहे. साधारण ३० नॉटपासून ती दातेरी होते आणि दाते मोठे होत जातात. नाकाच्या दिशेची रेषाही तशीच, पण थोडी मागे. नाक डावीकडे सर्वांत दूर गेल्यावर उजवा पाय सर्वांत खोल आहे, आणि नाक परत मध्यावर आलं तरी पाय अजून तिथेच आहे. म्हणून नाक मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातं. वैमानिकाच्याच हातापायांनी वाढत जाणारी ही दोलनं. विमानाची स्वतःची ओढ या आकारात फार थोडी आहे, बाकी सगळा उशिराचा खेळ आहे.

५ जून

आज उशिराचा माग काढला. डोळ्यांनी बदल टिपून पाय हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. त्यात चित्राचा उशीर मिळतो. सेकंदाला ३० चित्रं असतील तर एकेक चित्र ३३ मिलिसेकंदांचं, ६० असतील तर १७ पेक्षा किंचित कमी. म्हणून दूरची झाडं आणि इमारतींचा तपशील कमी केला. टेकऑफच्या सरावाला देखण्या दृश्यापेक्षा चित्रांचा स्थिर वेग जास्त उपयोगाचा. सरासरी आकड्यापेक्षाही तो मध्येच कोसळत नाही ना, हे पाहायचं. उशीर कायम सारखा असेल तर पाय त्याची सवय करून घेतो. दर क्षणी बदलणाऱ्या उशिराची सवय होत नाही.

उशिराची किंमत किती, याचा हिशेब केला. ५० नॉट म्हणजे सेकंदाला २५.७ मीटर. नाक २ अंश ढळलं तर बाजूला सरकण्याचा वेग सेकंदाला जवळजवळ ०.९ मीटर. पडद्यावर २ अंश दिसतसुद्धा नाहीत, पण तीन सेकंदांत मध्यरेषा अडीच मीटरपेक्षा जास्त दूर गेलेली असते.

जॉयस्टिकबद्दल. दांडा पिळून रडर चालवायचं असेल तर पिळताना दांडा थोडा कलतोच, आणि नकळत एलेरॉन मिसळतं. आलेखात हे स्वच्छ दिसतं: रडरच्या प्रत्येक दात्याबरोबर एलेरॉनचा एक छोटा उंचवटा. पेडल असतील तर हा प्रश्न उरत नाही. नसतील तर मनगट टेबलावर टेकवून फक्त बोटांनी पिळायचं. फरक पडतो.

फ्लाइटगिअरच्या जॉयस्टिक फाइलमध्ये प्रत्येक अक्षाला मृत पट्टा (मध्याभोवतीचा, हालचाल न मोजली जाणारा भाग) आणि घातांक देता येतो. घातांक २ दिला तर अर्ध्या पिळाला रडर पाव भागच वळतं. मध्याजवळ छान मऊ वाटतं, पण टोकाला तेच रडर एकदम धावतं, आणि आडव्या वाऱ्यात नेमकं टोकाजवळ काम असतं. १.५ वर थांबले. अर्ध्या पिळाला ३५ टक्के. मृत पट्टा होईल तेवढा लहान. तो मोठा असला की मध्यापाशी एक पोकळी तयार होते, पाय ती ओलांडायला घाई करतो आणि दाते पुन्हा वाढतात. सेन्सर जुना होऊन मध्यावर थरथरत असेल तेव्हाच पट्टा वाढवावा.

६ जून

दृश्याचा कोन. फ्लाइटगिअर मुळात ५५ अंश देतो. ६० सेंटिमीटर रुंद पडदा ६० सेंटिमीटरवरून पाहिला तर डोळ्याला तो साधारण ५३ अंश व्यापतो, म्हणजे मूळचा आकडाच बरोबर आहे. सगळं पॅनेल दिसावं म्हणून कोन ८०-९० केला तर धावपट्टीचं टोक आक्रसतं आणि ढळणं आणखी उशिरा कळतं. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवायची. नाकासमोरच्या रेषेकडे पाहिलं तर बाजूला सरकणं दिसतं, नाक वळणं दिसत नाही. आणि वळणं हे सरकण्याच्या आधी घडतं.

११ जून

आजचा दिवस ओढीच्या कारणांचा. वैमानिकाच्या जागेवरून पाहता उजव्या अंगाने फिरणाऱ्या पंख्याच्या विमानाला डावीकडे नेणाऱ्या चार गोष्टी सांगतात. चारही खऱ्या आहेत, पण चारही एकाच वेळी काम करत नाहीत. शिकवताना नेमकं हेच गाळलं जातं, असं माझं मत आहे.

पहिली टॉर्कची. इंजिन पंख्याला उजवीकडे फिरवतं, तर विमानाचं धड डावीकडे कलू पाहतं. जमिनीवर कलायला जागा नाही, म्हणून डावं चाक जास्त दाबलं जातं, तिथे घर्षण वाढतं. दुसरी पंख्यामागच्या मळसूत्री हवेची. ती धडाभोवती गुंडाळत जाऊन उभ्या शेपटीला डावीकडून ढकलते, शेपूट उजवीकडे आणि नाक डावीकडे जातं. वेग कमी आणि शक्ती पूर्ण असते तेव्हा ही सर्वांत जोरकस. तिसरी पी-फॅक्टरची. नाक वर असलं की खाली येणारं उजवं पातं हवेला मोठ्या कोनाने कापतं, उजव्या बाजूचा जोर वाढतो. चौथी गायरोची. फिरत्या पंख्याचं प्रतल वर-खाली कलवलं की परिणाम ९० अंश पुढे उमटतो. नाक खाली जाताना डावीकडे, वर येताना उजवीकडे. नाकाचा कोन बदलत असतो तेवढाच वेळ ही असते, बाकी वेळ शून्य.

विमानाच्या फोल्डरची प्रत केली आणि पंख्याच्या विभागात एकेक आकडा बदलत गेले. तिथे पी-फॅक्टरचा एक आकडा असतो, आणि फिरण्याची दिशा १ किंवा उणे १ अशी लिहिलेली असते. पी-फॅक्टर शून्य केल्यावर जमिनीवरच्या धावेचा आलेख जवळपास तसाच राहिला, फरक उमटला तो नाक उचलल्यानंतर. अपेक्षेप्रमाणेच, कारण तीनही चाकं टेकलेली असताना सेसनाचा पंखा हवेसमोर जवळजवळ सरळ उभा असतो. मग दिशा उणे १ केली. नाक उजवीकडे जाऊ लागलं.

मळसूत्री हवेबद्दल एक गोष्ट मॉडेल बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. टॉर्क, गायरो आणि पी-फॅक्टर जेएसबीसिम पंख्याच्या माहितीवरून स्वतः काढतं. शेपटीवर आदळणारा मळसूत्री प्रवाह मात्र स्वतःहून धरत नाही. तो हवा असेल तर विमानाच्या वायुगतिकीच्या भागात वेगळं सूत्र लिहावं लागतं. त्यामुळे दोन मॉडेलं सारख्याच इंजिनाची असूनही एक पहिल्या काही मीटरांत डावीकडे झुकतं आणि दुसरं अजिबात नाही, असं होऊ शकतं. रडरचंही तसंच. खऱ्या विमानात पंख्याची हवा रडरवरून जाते, म्हणून उभ्या विमानातही रडरला थोडी पकड असते. मॉडेलमध्ये ती लिहिली असेल तरच मिळते. एखादं विमान "खोटं वाटतं" असं म्हणण्याआधी ही फाइल उघडून पाहावी.

१३ जून

३० ते ४५ नॉट या पट्ट्यात दाते सर्वांत मोठे का, याचं उत्तर आज मिळालं. या प्रकल्पातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

सेसनात एकच पेडल दोन वस्तू हलवतं: नाकाखालचं चाक आणि रडर. चाक पेडलने दोन्ही बाजूंना १० अंशांपर्यंत वळतं. रडरची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे २० नॉटला जेवढी, त्याच्या साडेसात पट ५५ नॉटला. हे सगळ्यांना माहीत असतं. नाकचाकाचं काय होतं, याकडे सहसा कुणी पाहत नाही.

पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ६५ इंच, म्हणजे १.६५ मीटर. चाक घसरत नाही असं धरलं, तर ते १ अंश वळल्यावर २० नॉटला नाक सेकंदाला सुमारे ६ अंश फिरतं. ४० नॉटला तेवढ्याच वळणाला १२ अंश. म्हणजे चाकही वेगाबरोबर तिखट होत जातं. ३० ते ४५ नॉटमध्ये चाक अजून जमिनीवर घट्ट आहे, रडर जागं झालेलं आहे, आणि दोन्ही एकाच पायाला बांधलेली आहेत. २० नॉटला जो पाय अगदी योग्य होता तोच इथे दुप्पट-तिप्पट काम करतो.

मग ५५ ला नाक उचललं की चाक एका क्षणात खेळातून बाहेर. त्याच क्षणी पी-फॅक्टर आत येतो. म्हणजे पकड कमी होते आणि ओढ वाढते, दोन्ही एकदम.

यावरून पायाचा नकाशा असा निघतो: सुरुवातीला मोकळा, मध्ये अगदी बारीक, नाक उचलताना पुन्हा ठाम उजवीकडे. सरळ चढत जाणारी रेषा ही नाहीच. आजच्या धावा याच नकाशाने केल्या. मधले दाते बसले.

यात एलिव्हेटरचा हात आहे. ४० नॉटनंतर दांडा किंचित मागे धरला तर नाकचाकावरचं वजन कमी होत जातं आणि काम हळूहळू रडरकडे जातं, धक्का बसत नाही. उलट दांडा पुढे दाबून "चाक घट्ट ठेवू" असं केलं तर मागची चाकं हलकी होतात, विमान नाकचाकावर तोललं जातं आणि ते चाक गुरुत्वमध्याच्या पुढे असल्यामुळे छोटंसं वळणही वाढत जातं. सरळ राहण्याच्या इच्छेने केलेली ही कृती विमानाला नेमकं अस्थिर करते.

थ्रॉटल तीन-चार सेकंदांत, एकसारखं. एकदम उघडलं तर मळसूत्री हवा पूर्ण जोराने येते, पण वेग अजून आलेला नसतो.

१८ जून

आडवा वारा. हिशेब सोपा: वाऱ्याचा वेग गुणिले कोनाचा साइन. १० नॉट वारा ३० अंशांवरून असेल तर आडवा भाग ५, ४५ वरून ७, ६० वरून ८.७.

आधी डावीकडून १० नॉट सरळ आडवा वारा दिला, मग तोच उजवीकडून. आकडा एकच, काम वेगळं. विमान जमिनीवर वाऱ्याकडे तोंड करू पाहतं, कारण उभी शेपूट मागे आहे. डावीकडचा वारा नाक डावीकडे नेतो आणि इंजिनाच्या ओढीत भर घालतो. उजवीकडचा तिला काही अंशी खाऊन टाकतो. उजव्या वाऱ्यात पाय जवळजवळ मध्यावर राहतो. इथे सुरुवातीला लावलेला उजवा पाय तसाच ठेवला तर तो नाकाला वाऱ्यात ढकलतो. सराव डाव्या वाऱ्याने करावा, असं मी म्हणेन. उजव्या वाऱ्याने आत्मविश्वास येतो, पण पायाला काही शिकायला मिळत नाही.

एलेरॉन सुरुवातीला पूर्ण वाऱ्याच्या बाजूला. वेग वाढेल तसा कमी, पण शून्य नाही. वाऱ्याकडचं चाक शेवटी सुटलं पाहिजे. उलट झालं तर विमान एका चाकावर बाजूला घसरतं. हवेत गेल्यावर नाक वाऱ्याकडे वळू द्यायचं आणि पंख आडवे ठेवून तिरकं चढायचं.

फ्लाइटगिअरमधली ऑटो-कोऑर्डिनेशनची सोय इथे बंद हवी. ती रडरला एलेरॉनशी जोडते, दोन्ही एकाच बाजूला. आडव्या वाऱ्यात एलेरॉन वाऱ्याकडे आणि रडर वाऱ्याविरुद्ध लागतं. म्हणजे ही सोय चालू ठेवून बरोबर टेकऑफ होणं शक्यच नाही. कीबोर्डवरून उडवणाऱ्यांसाठी ती शांत हवेत ठीक आहे.

२० जून

वजन मागे सरकवून पाहिलं. मागच्या आसनांवर माणसं, सामानाच्या कप्प्यात भार, एकूण वजन मर्यादेत. नाक लवकर उचललं जातं, आणि उचलल्यावर हात सोडला तर ते वर-खाली डोलत स्थिरावायला जास्त वेळ घेतं. गुरुत्वमध्य मागे गेला की नाकाला मूळ कोनावर परत आणणारा जोर कमी होतो. ट्रिम खुणेच्या जरा पुढे, म्हणजे नाक खाली या बाजूला, घेतल्यावर उचलणं ताब्यात आलं.

२६ जून

नाक उचलल्यानंतरचे पहिले काही सेकंद. पंखांचा विस्तार ११ मीटर आहे, आणि तेवढ्या उंचीच्या आत जमिनीमुळे पंखांवरचा प्रेरित अवरोध (उचल निर्माण करताना होणारा हवेचा विरोध) कमी असतो. म्हणून ५५ च्या आधी दांडा ओढला तरी विमान उठतं. नंतर आधार संपतो आणि ते वर जायला तयार नसतं. या घडीला नाक आणखी ओढलं की वेग घटतो, पी-फॅक्टर वाढतो, रडरची पकड कमी होते आणि डावा पंख खाली जातो. तो पंख एलेरॉनने उचलायला गेलं तर बिघाड वाढतो. उपाय म्हणजे नाक थोडं खाली आणि उजवा पाय.

आलेखात एक गोष्ट सुंदर दिसते. नाक हळू, एकसारखं उचललं तर गायरोचा उजवीकडचा परिणाम आणि पी-फॅक्टरचा डावीकडचा काही क्षण एकमेकांना भिडतात, दिशेची रेषा सपाट राहते. झटक्याने उचललं तर आधी उजवीकडे बारीक उसळी, मग डावीकडे मोठी ओढ. पायाला दोन्ही गाठता येत नाहीत. सेसनात ही उसळी फार लहान आहे, पण आहे.

४ जुलै

शेपटीखाली चाक असलेलं विमान घेतलं: पायपर जे-३ कब, ६५ अश्वशक्ती. एकट्याने उडवताना मागच्या आसनावरून.

इथे स्थिरतेचं गणितच उलटं. सेसनाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे आहे, म्हणून विमान वळलं तर चाकांचं घर्षण त्याला परत सरळ करतं. कबचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे. वळण सुरू झालं की मागचं वजन बाहेर जायला पाहतं आणि वळण वाढवतं. तळहातावर उभी काठी तोलण्यासारखं हे काम आहे: काठी पडायला लागल्यावर मोठी हालचाल करून उपयोग नाही, ती हलण्याआधी लहान हालचाली चालूच ठेवाव्या लागतात. सेसनातला "मधे अगदी बारीक पाय" हा धडा इथे कामी आला, पण पाय थांबवायचा नाही.

शेपूट जमिनीवर असताना नाक वर आहे, म्हणून पी-फॅक्टर पहिल्या मीटरपासून हजर. शेपूट उचलताना गायरो डावीकडे ओढतो, आणि त्याच क्षणी शेपटीचं चाक सुटतं. म्हणून शेपूट उचलणं ही सावकाश करण्याची गोष्ट आहे, आणि दांडा पुढे नेण्याबरोबरच उजवा पाय आत गेला पाहिजे. आधी पाय, मग दांडा, या क्रमाने मला सर्वांत सपाट रेषा मिळाली.

९ जुलै

पी-५१डी मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची तयारी. वजन कबच्या कितीतरी पट, म्हणजे सुमारे १०,००० पौंड. इंजिन टेकऑफला १,४०० अश्वशक्तीच्या वर, पंखा चार पात्यांचा आणि ११ फुटांहून मोठा. सेसनाशी तुलना केली तर वजन चौपटीच्या आसपास आणि शक्ती नऊपट. ओढ किती असेल याचा अंदाज एवढ्यावरून येतो.

या विमानात उपाय आधीच बांधलेले आहेत. रडर ट्रिम ६ अंश उजवीकडे. दांडा मागे असेपर्यंत शेपटीचं चाक दोन्ही बाजूंना ६ अंशांतच वळतं, पुढे नेला की पूर्ण मोकळं होतं. म्हणून रडरला पकड येईपर्यंत दांडा मागेच. पूर्ण शक्ती म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा ६१ इंच (पाऱ्याचा) दाब आणि मिनिटाला ३,००० फेरे, पण तिथे एकदम जायचं नाही. आज शक्ती अर्ध्यावर ठेवून नुसतं जमिनीवर धावून पाहिलं, शेपूट खाली ठेवून. रेषा सरळ आली.

स्पिटफायर या लढाऊ विमानाचं मॉडेलही उतरवून ठेवलं आहे. मर्लिन इंजिनाची स्पिटफायर डावीकडे ओढते, ग्रिफन इंजिनाचा पंखा उलटा फिरतो म्हणून ती उजवीकडे. ११ जूनला फाइलमध्ये जे केलं ते तिथे इंजिनातच आहे. पुढच्या मोजणीत दोन्हींची धाव एकाच धावपट्टीवर, वारा शून्य ठेवून, एकाच आलेखात मांडायची. त्याआधी मस्टँगचं शेपूट पूर्ण शक्तीवर कोणत्या वेगाला उचलायचं ते नक्की करायचं आहे.